कोशाच्या दोराची पितळी चकरी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चकरी आहे. पतंगाची नव्हे हो, मासे धरायची! वेताच्या लांब काठीला मला बांधतात, माझ्या पोटाभोवती दोर गुंडाळतात आणि दोराच्या टोकाला गळ लावतात. मासा ओढू लागला की मी करकर करत दोर सोडते. मासा दमला की माझी हाडाची मूठ फिरवून दोर परत घेतात. ऐकायला सोपं वाटतं ना? पण माझ्या उभ्या जन्मात मला नीट ओळखलं ते एकाच बाईनं, आणि गंमत म्हणजे तिनं स्वतः कधी गळ टाकला नाही.

माझा जन्म विलायतेतला. दरेकशाच्या डोंगरात आगगाडीचे रूळ पडत होते, तेव्हा त्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाच्या पेटीतून मी या मुलखात आले. साहेब तापट होता, पण माझी उस्तवार करावी तर त्यानंच. मासे धरून परतला की आधी माझा सगळा दोर उलगडायचा, दोन झाडांमध्ये ताणून वाळवायचा आणि मगच जेवायला बसायचा. दोर रेशमाचा होता, आणि ओलं रेशीम गुंडाळून ठेवलं की आतल्या आत कुजतं. त्याचा खानसामा तोंडावर पदर घेतल्यासारखा हात ठेवून हसायचा.

साहेबाला तलाव दाखवायला दुधराम यायचा. जातीचा ढिवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांतला. फेकजाळं टाकावं तर दुधरामनं, असं गावात म्हणत. पण एका हिवाळ्यात बांबू तोडताना कुऱ्हाड निसटली आणि त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. जाळं फेकायला दोन्ही हात लागतात, मित्रांनो. एका हाताचा ढिवर काठावर बसून दुसऱ्यांची जाळी मोजतो, दुसरं काय करणार?

साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं काठीसकट मला दुधरामच्या हवाली केलं. "सुखाओ, रोज सुखाओ," असं तीनतीनदा बजावलं. दुधरामनं "हो जी, हो जी" म्हणून मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं, ते मला पुढे कळलं.

आता गावची रीत सांगते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली मायचा शेंदरी दगड होता. माघी पुनवेला प्रत्येक ढिवराच्या घरानं आपल्या हातानं धरलेला एक मासा तिच्यापुढे पळसाच्या पानावर ठेवायचा. विकत घेतलेला चालत नसे, शेजाऱ्यानं दिलेला चालत नसे. लागोपाठ तीन वर्षं ज्याचं पान रिकामं राहील, त्या घराचा तलाव सुटला. मग पाण्यात त्याचा डोंगा, म्हणजे होडीही नाही आणि मासळीत वाटाही नाही. दुधरामचं पान दोन वर्षं रिकामं राहिलं होतं.

म्हणून तो माझ्यामागे जिवाच्या आकांतानं लागला. काठीचा दांडा बगलेत दाबायचा आणि उजव्या हातानं माझी मूठ फिरवायची, हे त्यानं महिन्याभरात साधलं. पहाटे, कुणी नसताना, तलावाच्या टोकाला जाऊन तो लहान लहान मासे काढू लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण घरी आला की तो मला तशीच ओलीचिंब फडक्यात बांधायचा, हळदकुंकू लावायचा आणि धान साठवायच्या ढोलीमागे लपवायचा. मला कुंकू नको होतं हो, ऊन हवं होतं!

पुनवेला नऊ दिवस उरले असताना भलामोठा कतला गळाला लागला. दुधरामनं दम धरला, मी दोर सोडला, आणि वरचा चांगला दोर संपून आतला दोर लागला मात्र, तट्‌कन तुटला. मासाही गेला आणि गळही गेला. दुधराम चिखलात बसून लहान लेकरासारखा रडला. मलाही त्या दिवशी माझ्या पितळेची लाज वाटली.

त्याची बायको दुर्पता. घरोघर कोष्ट्यांसाठी कोसा, म्हणजे रानरेशीम, काढायची. साजाच्या झाडावरचे किड्यांचे कोसे उकळायचे आणि त्यांतला धागा उघड्या मांडीवर वळायचा, हे तिचं काम. धाग्याचं दुखणं तिला बोटाला कळायचं. तिनं मला मांडीवर घेतलं, दोर उलगडत उलगडत तळापर्यंत गेली आणि एक तुकडा दोन बोटांत धरून ओढला. भुशासारखा तुटला.

"अजी, हा दोर वाळवत नव्हते का तुमी?"

"कायले वाळवू? साऱ्यायले दिसलं असतं. नजर लागली असती."

"नजर नाही लागली, बुरशी लागली! जारं तं पारीवर पसरवता साऱ्यायच्या समोर. मंग याले काऊन लपवलं?"

दुधराम खाली पाहत म्हणाला, "जारं माह्या बापाचं व्हतं. हे दान भेटलं. लोक हासतीन वो. म्हनतीन, हात गेला तं दुधराम खेळन्यासंग खेळून रायला."

दुर्पताचे डोळे भरून आले, पण तिची जीभ कधी ओली व्हायची नाही. "हासू द्या. हासून कोनाचा तलाव सुटत नाही," ती म्हणाली आणि उठली.

आपल्या लुगड्यासाठी तिनं मजुरीतून वर्षभर कोसे साठवले होते. ते तिनं त्याच सांजेला उकळायला टाकले. सहा दिवस ती मांडीवर धागा वळत होती. तीन धाग्यांचा एक पीळ, आणि पीळ उलटा फिरू नये म्हणून टोकाला खडा टांगलेला. मांडी सोलून लाल झाली तरी बाई थांबली नाही. मग तो दोर तिनं साजाच्या सालीच्या काढ्यात बुडवला, जाळी बुडवतात तसा, आणि तपकिरी झाल्यावर कडक वाळवला.

आता तो माझ्यावर चढवायचा होता. पहिल्यांदा तिनं सैल गुंडाळला. ओढून पाहते तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसलेला! "असा फसला तं मासा काय थांबन तुमच्यासाठी?" असं पुटपुटत तिनं सगळा उलगडला. तळाशी जाड सूत भरलं, म्हणजे पोट भरेल आणि कोसा वाया जाणार नाही. त्यावर कोशाचा दोर घट्ट बांधला. मग दुधरामच्या हातात दोराचं दुसरं टोक देऊन म्हणाली, "चला पारीवर. तुमी तानून धरा न सावकास या माह्याकडं, मी गुंडाळतो."

"दिवसा? साऱ्यायच्या समोर?"

"मंग का ढोलीमागं जागा हाय एवढी?"

आणि काय सांगू मित्रांनो, भर उन्हात, अख्ख्या पाळीच्या लांबीनं माझा दोर ताणला गेला. दुर्पता ओल्या फडक्यातून दोर घेत एकाशेजारी एक वेढा बसवत होती. माझा काठ दोन बोटं रिकामा ठेवला, नाहीतर दोर उसळून गुंता होतो. जाळी सुकवणारे ढिवर पाहत राहिले. त्यांचे म्होरके म्हातारे बकाराम ओरडले, "काऊन रे दुधराम, बायकोनं दावन बांधली का तुले?" सगळे खो खो हसले. दुधरामचं तोंड काळवंडलं, पण त्यानं दोर सैल पडू दिला नाही.

पुनवेची सकाळ उजाडली. मोहाखाली पळसाची पानं मांडली होती आणि एकेका पानावर मासा येत होता. दुधराम नवा गळ लावून सगळ्यांच्या देखत गुडघाभर पाण्यात उभा होता. ऊन चढलं तरी काही नाही. आणि मग एकदम हिसका बसला! मी करकरले, दोर सरसर गेला. जिथं मागचा दोर तुटला होता ती जागा आली. पण कोसा तुटला नाही. दुधरामनं दांडा बगलेत आवळला, घेतला, सोडला, पुन्हा घेतला. अखेर हातभर रोहू चिखलात आडवा झाला.

तो पानावर ठेवणार, तोच बकारामनी काठी आडवी धरली. "थांब. आपल्या हातचा मासा पायजे. हा तं साहेबाच्या चकरीचा आय."

दुधरामचा चेहरा उतरला. तेवढ्यात दुर्पता पुढे झाली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "मामाजी, चकरी साहेबाची, पन दोर माह्या मांडीवरचा आय. तुमच्या जाऱ्याचं सूत कोन कातलं जी?"

मागून बकारामांची म्हातारी, रुख्मा, खणखणीत आवाजात म्हणाली, "मी कातलं! चाळीस वर्सं झाले, एक दिवस नाव नाही घेतलं यानं!"

सगळी पाळ हसली, बकारामसुद्धा. म्हाताऱ्यानं काठी बाजूला घेतली. "ठेव रे बाबू, पानावर ठेव," ते म्हणाले. दुधराम ठेवेना. त्यानं माशाची शेपटी दुर्पताच्या हातात दिली, आणि दोघांनी मिळून तो मायपुढे ठेवला.

त्यानंतर त्या घराचं पान कधी रिकामं राहिलं नाही. दुर्पता दरवर्षी माझा दोर उलटा करायची, म्हणजे झिजलेलं टोक तळाशी आणि तळाचं ताजं टोक वर. दोर थकला की नवा वळायची. असे किती दोर माझ्या पोटावरून गेले! लोक मात्र माझंच कौतुक करायचे, चकरी भारी आहे म्हणून. वेडे कुठले!

आता एकोणीसशे सत्तेचाळीस साल आहे. साहेब लोक आपापल्या पेट्या बांधून निघाले, मी मात्र इथलीच झाले. दुधराम जाऊन बरीच वर्षं झाली. दुर्पता ऐंशीची आहे, तिला दिसत नाही. आता गळ टाकते ती तिची नात चमेली. काल ती मोठा मरळ घेऊन नाचत आली आणि मला ओलीच खुंटीला टांगून मासा दाखवत गावभर फिरली.

मित्रांनो, जे तुमच्या कामी येतं त्याला हार घालू नका, वेळच्या वेळी उलगडून आत काय झालंय ते पाहा. एवढंच मागणं आहे.

पण मला मागावं लागलंच नाही. चमेली परतली तेव्हा म्हातारी मला मांडीवर घेऊन, दोर चाचपत बसली होती.

"आजी, राहू दे न! उद्या वाळवतो."

"उद्या नाही, आत्ता," दुर्पता म्हणाली. "पारीवर चाल. तू तानून धर. साऱ्यायले दिसू दे."