बावन्न सेकंद

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नळकांड्यात तेल भरलं गेलं. बाटलीत थेंबही उरला नाही. चाचणी एकदाच होणार होती.

नव्या तेलविहिरीतल्या याच तेलाची पहिली चाचणी तीन आठवड्यांपूर्वी कानसेननी केली होती. हे नाव प्रयोगशाळेनं त्यांना दिलेलं. हवेच्या चारशे पट दाबाखाली, उकळत्या पाण्याहून जास्त तापलेल्या तेलातून पोलादी गोळी तळाशी जाते. तिला किती सेकंद लागतात त्यावरून तेल किती दाट ते कळतं. आवाज टिपणारं उपकरण दोन वर्षांपूर्वी जळालं. नवं मंजूर झालं, आलं नाही. तेव्हापासून कानसेन सळईचं एक टोक नळकांड्याला, दुसरं कानाला लावत आणि गोळी तळाला टक् करून लागली की घड्याळ थांबवत. "यंत्र चुकेल, आमचे कानसेन नाही," असं साहेब पाहुण्यांना सांगत.

मागच्या वेळी त्यांनी एकतीस सेकंद लिहिले होते. तेल पातळ ठरलं, म्हणून पंपवाल्यांनी नळात जोर कमी ठेवला. तेल वाटेतच थबकलं. मग जोर एकदम वाढवला आणि सांधा फुटला. एक फिटर जागीच गेला. दुसरा इस्पितळात होता.

"काका, चहा घेतलात?" नव्या केमिस्टनं विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"हं? घेतला, घेतला."

घेतला नव्हता. सकाळीच बायको ओरडली होती, "किटली केव्हाची कोकलतेय! कान कुठे गहाण टाकलेत?"

साहेब आत आले. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "पुन्हा एकतीस आले की आपण सुटलो. पुढचं पंपवाले आणि अपघाताची चौकशी समिती बघून घेतील."

"आणि नाही आले तर?" केमिस्ट म्हणाली.

"न यायला काय झालं? तेल तेच, कान तोच. आठ महिन्यांत निवृत्त होतायत, त्यांना सुखानं जाऊ दे."

कानसेननी सळई कानाला लावली. घड्याळावर अंगठा ठेवला. मग सळई काढून तिच्यापुढे धरली.

"पोरी, तू ऐक."

"मी? काका, मला नाही जमायचं."

"जमेल. श्वास रोखून धर. टक् झालं की दाब."

गोळी सुटली. एकतीस सेकंद झाले. केमिस्ट हलली नाही. चाळीस झाले. साहेब खुर्चीवरून उठले. तिचा अंगठा दाबला गेला तेव्हा काटा बावन्नावर होता.

"कानसेन, हे काय?"

"मागच्या वेळी मला टक् ऐकूच आलं नाही, साहेब. शेजारच्या विहिरीचं तेल एकतीसला यायचं. तेवढं लिहून टाकलं."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे बाहेर बोललात तर नोकरी जाईलच. तुरुंगही बघाल."

कानसेननी वहीत बावन्न लिहिले. खाली लिहिलं, 'ऐकले केमिस्टने. मला ऐकू येत नाही.' सही केली.

दुपारी चार वाजता ते इस्पितळाच्या बाकावर बसले होते. दुसऱ्या टोकाला त्या जखमी फिटरची बायको होती. हे कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्यांच्यासाठी पिशवी उचलून जागा केली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी परिचारिका दारात आली. काहीतरी म्हणाली. बाई ताडकन उठली.

परिचारिका काय म्हणाली ते कानसेनना कळलं नाही. तेही उठून उभे राहिले.