आशालता स्टुडिओतलं बेट

मी एक बेट बोलतोय. म्हणजे बेटाचं चित्र. म्हणजे खरं सांगायचं तर वर-खाली बांबू घातलेला, जाड कापडाचा एक पडदा. बघा, सुरुवातीलाच गोंधळ झाला. पण त्यात माझा दोष नाही. मी नेमका कुठला, हे जन्मापासून मला कुणी सांगितलंच नाही.

माझा जन्म पनवेलच्या लाइन आळीत, ‘आशालता फोटो स्टुडिओ’च्या मागच्या अंगणात झाला. आशालता हे मालकांच्या बायकोचं नाव. मालकांनी एका पेंटरला बोलावून आणलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि ट्रकच्या मागे मोर काढायचा. मालक त्याला म्हणाले, की समुद्र हवा, वाळू हवी आणि मागे घनदाट जंगलही हवं. नव्या जोडप्यांना समुद्र आवडतो, म्हातारी माणसं आली की झाडं बरी दिसतात, तर दोन्ही एकाच ठिकाणी पाहिजे. पेंटरनं विचारलं, कुठलं बेट काढू? मालक म्हणाले, कुठलं का असेना.

तेव्हापासून मी हा असा आहे.

पेंटरकडे समुद्राचं एक कॅलेंडर होतं आणि बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर एक धबधबा होता. बाकी सगळं त्याच्या डोक्यातलं. नारळ त्याला जमले. पण जंगलात शिरल्यावर त्याचा हात आपोआप घराच्या परसाकडे वळला, म्हणून माझ्या रानात केळी आहेत आणि एका झाडाला फणस लगडलेत. धबधबा थेट वाळूवर कोसळतो. ते पाणी पुढे कुठे जातं हे दाखवायचं तो विसरला. सगळं झाल्यावर मालकांना वाटलं, जरा रिकामं दिसतंय, दोन हंस टाक. खाऱ्या पाण्यात हंस काय करतात, हे मला आजही कळलेलं नाही. त्या बिचाऱ्यांनाही कळलेलं नसावं.

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट तुम्हाला मजेची वाटेल, मला वाटत नाही. माझ्यापुढे जो येतो तो माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. इतकी वर्षं मी माणसांच्या पाठीच बघितल्या. पोलक्याला लावलेली पिन, शर्टाच्या कॉलरवरचा घाम, नव्या नवरीच्या मानेवरची ओली हळद. पुढून हसणारी माणसं पाठीतून किती अवघडलेली असतात, हे मला विचारा. उंच माणसं माझ्यावर डोकं टेकायची. त्यांच्या खोबरेल तेलाचे डाग माझ्या धबधब्यावर पडले. मालकीणबाईंनी ते साबणानं घासून बघितले, तर धबधबाच फिका झाला, डाग तसेच.

स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट असायचा. ज्याच्याकडे कोट नाही त्याला फोटोपुरता मिळायचा. त्या कोटाशी माझी चांगली दोस्ती होती.

एके दिवशी एक नवीन जोडपं आलं. खाडीपलीकडच्या गावातलं. नवरा मिठागरावर कामाला होता. पायांना सुकलेला पांढरा चिखल तसाच. नाव काळूराम. बायको गोदू. लग्नात फोटोवाला आणला नव्हता, म्हणून बाजाराला आल्यावर हौस भागवायची ठरली. काळूरामनं कोट चढवला, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर. मालकांनी कमरेपासून वरचाच फोटो घेतला, त्यामुळे फोटोत तो एखाद्या परदेशी निघालेल्या साहेबासारखा दिसतो. गोदू मान वळवून मला बघायला लागली, तेव्हा मालक ओरडले, की समोर बघा, हलू नका. तिनं मान सरळ केली. काळूराम हळूच तिच्या कानाशी म्हणाला, “नंतर बघ. मिठाचा हंगाम सरला का तुना यो बेट खरोखरचा दावीन.”

ती हसली, आणि तेवढ्यात फोटो निघाला. लगेच पुढचं गिऱ्हाईक आत आलं. तिचं मला बघायचं राहूनच गेलं.

नंतर रंगीत फोटो आले, मग कॉम्प्युटर आला. आता बटण दाबलं की माणसामागे वाट्टेल तो देश उभा राहतो. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. मधे एका शाळेनं स्नेहसंमेलनाला नेलं. माझ्यापुढे वाघ, ससा आणि टोपीतला पुढारी अशी तिघांची सभा भरली. एका पावसाळ्यात झेरॉक्स मशीनवर पांघरूण म्हणून राहिलो. उंदरांनी एक हंस खाल्ला. कोट कुठे गेला कुणास ठाऊक. मालक गेले. त्यांचा मुलगा प्रणित आता पासपोर्टचे फोटो काढतो, आणि माझ्या जागी एक कोरी पांढरी चादर लटकते. तिच्यावर काहीच नाही, तरी तिच्यापुढे रांग लागते. मला तिचा राग येतो, लपवत नाही.

अशा दिवसांत एक मुलगी दुकानात आली. तिचं नाव पूर्वी, कॉलेजात शिकणारी. हातात जुना काळा-पांढरा फोटो. तिनं प्रणितला जे सांगितलं ते मी माळ्यावरून ऐकलं, आणि माझा गोंधळ दुप्पट झाला.

ती गोदूबाईंची नात. काळूराम फार पूर्वीच काविळीनं गेला. तिचे बाबा, शैलेश, तेव्हा शाळेत होते. आजी-आजोबांचा एकत्र असा हा एकच फोटो. पुढे विमानतळ आला. मिठागर, शेत, घर, सगळा गाव त्यात गेला, आणि हे लोक उलव्याच्या बाजूला नव्या बंगल्यात राहायला आले. आता विमानं उडायला लागल्यावर शैलेशनं मनात घेतलं, की आईला एकदा विमानात बसवायचं, तेही याच विमानतळावरून, आणि एखाद्या छानशा बेटावर न्यायचं.

मग घरात रोज बेटांची पंगत बसू लागली. शैलेशला मालदीव हवं होतं, कारण त्याच्या एका बिल्डर मित्रानं तिथले फोटो टाकले होते. सून रंजिता म्हणाली, तिथे नुसती वाळू आणि पाणी, झाड नाही की सावली नाही, सासूबाई दिवसभर करतील काय? तिनं बाली काढलं. खांदा कॉलनीतल्या ट्रॅव्हलवाल्यानं मॉरिशस गळ्यात मारायला घेतलं. समुद्र बरा असला की जंगल लांब, जंगल दाट असलं की वाळू काळी. शेवटी आजीलाच विचारलं. गोदूबाईंनी कपाटातून हा फोटो काढून पुढे ठेवला.

“जायाचाच हाय तं या बेटावर जाव. दुसरीकडं मी येनार नाय.”

त्यांना समजावून बघितलं. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. नवऱ्याबरोबर त्या जिथे जिथे राहिल्या, वावरल्या, ते सगळं आता धावपट्टीखाली आहे. दाखवायला एक दगड उरला नाही. त्याच्याशेजारी त्या उभ्या राहिल्या होत्या अशी एवढी एकच जागा आता उरली होती, आणि ती दाखवायचा त्यानं शब्द दिला होता. पडदा आहे हे त्यांना माहीत होतं. पण पेंटरनं कुठलं तरी खरं बेट बघूनच काढलं असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

पूर्वीनं फोटो मोबाइलला दाखवला. मोबाइल एकदा सेशेल्स म्हणाला, एकदा फिजी, आणि एकदा म्हणाला, पक्षी: बदक. ट्रॅव्हलवाल्यानं फोटो डोळ्यांपाशी नेऊन छातीठोकपणे सांगितलं, की हे मॉरिशसच. म्हणून ती थेट आमच्या दुकानातच विचारायला आली होती. माळ्यावर पडल्या पडल्या माझी छाती फुगत होती आणि धडधडतही होती. वाटलं, आज कळणार! इतक्या वर्षांनी मला माझा पत्ता कळणार.

प्रणित म्हणाला, “असं बेट कुठंच नाहीये गं. बाबा सांगायचे, पेंटरनं मनानंच काढलं होतं.”

एवढंच. मला कसं वाटलं ते सांगता येत नाही. इतके दिवस ‘माहीत नाही’ होतं, त्यात थोडी आशा होती.

पूर्वीनं तिथूनच वडिलांना फोन लावला. शैलेश म्हणाला, आईला सांगू नको, कुठल्याही बेटावर नेऊ आणि हेच ते म्हणू, तिला काय कळणार. पूर्वीनं फोन ठेवला आणि प्रणितला विचारलं, पडदा आहे का अजून?

दुसऱ्या दिवशी दुपारी मला गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीवरून खाली सोडलं. किती वर्षांनी ऊन लागलं! धूळ उडाली, सगळ्यांना शिंका आल्या. जिन्यानं हळूहळू गोदूबाई आल्या, मागे शैलेश आणि रंजिता. शैलेशचा चेहरा पडलेला होता. पांढऱ्या केसांची, ताठ कण्याची ती बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

समोर. तोंड करून.

माझ्याकडे तोंड करून आजवर कुणी असं उभं राहिलं नव्हतं. मला लाज वाटली. उंदरांनी खाल्लेला हंस, फणसाचं जंगल, फिका धबधबा, सगळं एकदम उघड्यावर.

“पानी हिरवा हाय?” त्यांनी विचारलं. फोटोत त्यांना ते आयुष्यभर राखाडीच दिसलं होतं.

पूर्वीनं त्यांचा हात धरला आणि सांगून टाकलं, की आजी, हे बेट कुठंच नाही, पेंटरनं मनानं काढलंय. शैलेशनं मान फिरवली. गोदूबाई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, संपलं. एका मेलेल्या माणसाचा शब्द मी खोटा पाडला. मी जर एखाद्या खऱ्या बेटाचं चित्र असतो, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मग त्या उठल्या. जवळ आल्या. माझ्या धबधब्यावरच्या तेलाच्या डागांकडे बघत राहिल्या, आणि त्यांतल्या एकावर त्यांनी तळहात ठेवला.

“आमचा गाव खरा होता, त्यो रायला नाय,” त्या म्हणाल्या. “यो कुठं नव्हताच, तं यो रायला. ह्यो त्यांच्या डोक्याचा डाग हाय.”

आता खरं सांगू का? अर्ध्या तालुक्यातल्या नवरदेवांचं तेल माझ्या अंगावर आहे. तो डाग काळूरामचा होता की आणखी कुणाचा, मला खरंच आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं. पण त्या हात काढत नव्हत्या, आणि तो हात उबदार होता. मग मीही ठरवलं, की तो डाग काळूरामचाच.

जाताना गोदूबाई म्हणाल्या, आता कुठंही न्या. समुद्र पाहिजे आणि झाडं पाहिजेत, एवढंच. पूर्वीनं अंदमान ठरवलं. तिथे पांढरी वाळू आहे आणि वाळूला लागून उंच उंच झाडांचं रान आहे. शिवाय तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. त्या पांढऱ्या चादरीचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं, म्हणजे तिला तोंड असतं तर.

प्रणितनं मला त्यांच्याबरोबरच दिलं. आता मी उलव्याच्या बंगल्यात, दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे टांगलेला असतो. पाहुणे येतात, सोफ्यावर बसतात आणि माझ्याकडे पाठ करतात. सवय आहे मला. मी ते काही मनाला लावून घेत नाही.

ते लोक अंदमानला जाऊन आले. विमान उडालं तेव्हा गोदूबाईंनी खिडकीतून खाली बघत विचारलं, आपलं आंगण कुठं आलं असंल? शैलेशला नीट सांगता आलं नाही. त्यानं अंदाजानं बोट दाखवलं, आणि त्यांनी नमस्कार केला. हे रंजितानं शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

पूर्वीनं तिथला एक फोटो मोठा करून माझ्या शेजारी लावलाय. माझं लक्ष सारखं तिकडेच जातं. पुढे समुद्र, पाणी खरंच हिरवं. एका बाजूला काळंभोर दाट रान. धबधबा नाही, हंस नाहीत, फणसही नाहीत. मी ते बेट माझ्याशी जुळवून जुळवून दमलो. थोडं जुळतं, बरंचसं जुळत नाही. तेव्हा तुम्ही कधी कुठल्या बेटावर गेलात, आणि धबधबा सरळ वाळूवर पडताना दिसला, तर एवढी कृपा करा. उलव्याला येऊन मला सांगा. मी अजून आशा सोडलेली नाही.

पण त्या फोटोतलं एक मला बघताक्षणी ओळखू आलं. गोदूबाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. सगळ्यांनी मागून हाका मारल्या म्हणे, आजी इकडे बघा, तरी त्यांनी मान वळवली नाही. त्यांची पाठ दिसते, आणि पाठी मला कळतात. ही पाठ अवघडलेली नाही. त्या पाण्यात पाऊल टाकून समुद्राकडे बघत उभ्या आहेत, जरा एका अंगाला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.