तीस पावलांवरची भिंत

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या केंटकीच्या डोंगरातली एक गोष्ट सांगतो. सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या. वर्ष उलटलं, तरी माझा राग अजून उतरलेला नाही.

आमच्या खोऱ्यात दर एप्रिलला शनिवार-रविवारी एक मेळावा भरतो. संकट आलं तर आपलं आपण कसं निभवायचं, ते तिथे शिकवतात. पाणी गाळणं, शेंगा बरणीत भरून टिकवणं, ओल्या लाकडांवर विस्तव पेटवणं. विद्या चांगली आहे, मीही तिथेच शिकलो. ओढा फुगला, रस्ता गेला की बाहेरची मदत यायला आमच्याकडे चार-चार दिवस लागतात. पण पहिल्या तासालाच तिथे एक नियम घोकून घेतात: तुमच्याकडे काय साठवलंय ते कुणाला सांगू नका.

वर्लिन स्टिडम हा या शाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी. गेल्या वर्षी त्याला व्यासपीठावर बोलायला बोलावलं. त्याची बायको ओलेटा दरवर्षी बरण्यांच्या तंबूत असायची. त्या दिवशी मात्र नवऱ्याचा सदरा स्वतः इस्त्री करून ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

वर्लिनने रंगवून सांगितलं. कोठारात त्याने एक खोटी भिंत उभी केली होती. जुन्याच फळ्या वापरल्या, वरून कोळिष्टकंसुद्धा तशीच ठेवली. भिंतीमागे घेवडा आणि मक्याच्या पिठाच्या चाळीस बादल्या, इंधन आणि एक जनरेटर.

"बायकोलासुद्धा पत्ता नाही," तो म्हणाला, आणि तंबू हसला.

मेळाव्याचा प्रमुख होता डॉयल. त्याने विचारलं, "भाऊ, कधी कसाला लावलीस का ही भिंत?"

"लावली की. फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं, तेव्हा मी डोंगरापलीकडे अडकलो होतो. तीन दिवस वीज नव्हती. ओलेटा रोज त्याच कोठारातून लाकडं नेत होती. तिला वास लागला नाही, तर चोराला काय लागणार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओलेटा उठून उभी राहिली. ती कौतुकाने उठली असं वाटून कुणी तरी शीळही घातली.

आता त्या फेब्रुवारीचं सांगतो. वर्लिनच्या कोठारापासून तीस पावलांवर डेल्फीमावशी एकटी राहायची. सख्खी मावशी कुणाचीच नव्हती, अख्ख्या खोऱ्याची होती. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो, एक ओळ देतो आणि मंडळी ती ओढून गातात. ती ओळ सगळ्यात आधी उचलायची डेल्फीमावशी. तिचा सूर लागला की माझ्यासारख्याच्या अंगावर काटा यायचा आणि देव शेजारच्या बाकावर येऊन बसल्यासारखं वाटायचं. पुढे तिची फुप्फुसं गेली. श्वास यंत्रावर आला आणि यंत्र विजेवर.

वीज गेली तेव्हा जवळ प्राणवायूचा एकच सिलिंडर होता, तो संध्याकाळपर्यंत पुरला. रस्त्यात झाडं आडवी झाली होती, फोन मुके. ओलेटाने तिला उशांना टेकवून बसवलं, शेगडीला लाकडं घातली, पाठ चोळली. ती स्वतः गाण्याच्या ओळी देत राहिली. मावशी नुसते ओठ हलवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ओठ थांबले.

तंबूत ओलेटाने हे सगळं सांगितलं नाही. आम्हाला ते ठाऊकच होतं. तिने एवढंच विचारलं, "वर्लिन, तो जनरेटर मावशीचं यंत्र चालवू शकला असता का?"

डॉयल मध्ये पडला. ताई, तुमचं दुःख समजतं, पण नियमामागे कारण आहे, असं काहीसं तो म्हणाला. भुकेली माणसं उद्या घरावर चालून आली तर काय कराल?

"कोण चालून येणार होतं? डेल्फीमावशी? तिला खाटेपासून मोरीपर्यंत चालवत नव्हतं." ती नवऱ्याकडे वळली. "तू तिची कबर खणलीस. रडलास. तेव्हा नाही आठवला तो जनरेटर?"

"नाही," वर्लिन म्हणाला. "देवाशपथ. आत्ता तू बोलेपर्यंत त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नव्हत्या."

"इतकं लपवलंस, की तुझ्यापासूनही लपलं."

ती बाहेर निघून गेली. अरे, ज्या हातांनी आपण टाळ्या वाजवल्या होत्या, त्या हातांचं आता करायचं काय! मीही वाजवल्या होत्या. माझा राग एकट्या वर्लिनवर नाही, तो माझ्या या हातांपासूनच सुरू होतो.

रविवारी सकाळी वर्लिन मेळाव्याला आला नाही. कोठारातून फळ्या उखडल्याचा आवाज येत होता. ओलेटा ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. तिने एकाही फळीला हात लावला नाही, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. दुपारी त्याने जनरेटर गाडीवर घालून देवळाच्या पडवीत आणून ठेवला आणि दारावर एक कागद ठोकला. कुणाकडे काय आहे, कुणाला काय लागेल. पहिलं नाव त्याचं, खाली चाळीस बादल्या.

या एप्रिलला तो पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला. बादल्यांचं नावही काढलं नाही. म्हणाला, "आपल्या आळीत कुणाचा श्वास विजेवर चालतो, ज्यांना माहीत असेल त्यांनी हात वर करा." दोनशे माणसांत सात हात वर आले. "मग आपली तयारी झालेली नाही," एवढं बोलून तो खाली उतरला. देवळाच्या दारावरचा तो कागद मग सगळ्यांत फिरला. त्यात ओलेटाने पहिल्यांदाच नवऱ्याच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं: जनरेटर सुरू करता येतो.

बंधूंनो, भगिनींनो, साठवा, जरूर साठवा. पण शेजाऱ्याला ठाऊक नसलेला साठा संकटात कामाचा नाही. स्वतःच्या पायांवर उभं राहायचं ते शेजाऱ्याकडे धावत जाता यावं म्हणून.

आता उठण्याआधी माझी एवढी विनंती. पुढच्या वेळी घरातली वीज जाईल आणि तुम्ही मेणबत्ती शोधू लागाल, तेव्हा आमच्या डेल्फीमावशीची आठवण काढा. मेणबत्ती पेटली की ती हातात घेऊन शेजारचं दार वाजवा.