बोटभर तिरकी गाडी

मुलांनो, तुमच्या हातात एक रिकामी काडेपेटी आहे असं समजा. आतला कप्पा काढून टाका, म्हणजे नुसतं कवच उरेल. आता त्याचा एक कोपरा चिमटीत धरून तिरका ओढा. कवच फाटत नाही, मोडतही नाही. फक्त कलतं. एवढं जमलं असेल तर माझ्याबरोबर निपाणीजवळच्या एका मळ्यात चला.

मळ्यात ऊसतोड चालू आहे. पाटाचं पाणी फुटून वाटेवर आलंय आणि त्या चिखलात एक पांढरी मोटार पुढच्या चाकांनिशी रुतून बसलीय. मोटार आहे आरोहीच्या बाबांची, म्हणजे रविराजची. ते पिरनवाडीला राहतात आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करतात. आरोही सहावीत आहे. चपला हातात घेऊन चिखलात उतरलेत ते भावकूआप्पा, बाबांचे चुलते. मळा त्यांचा आणि ट्रॅक्टरही त्यांचाच.

"उतरा रं सगळी खाली," आप्पा म्हणाले. "उसाच्या ट्रॉल्या काढून हात झिजलं माझं. ही तर चिमणी हाय."

भरलेली ट्रॉली रुतली की ती काढायची तिकडे एक रीत आहे. ट्रॉलीच्या एका बाजूच्या जाड लोखंडाला साखळी अडकवायची, ट्रॅक्टर वाटेच्या कडेला तिरका लावायचा आणि एक हिसका द्यायचा. सरळ ओढलं तर चाकं त्याच चाकोरीत आणखी खोल जातात. तिरक्या हिसक्यानं ती चाकोरी सोडून वर येतात. रीत चांगलीच आहे, पण ट्रॉलीसाठी.

आप्पांनी वाकून मोटारीखाली हात घातला, डाव्या चाकाजवळ जे लोखंड हाताला लागलं त्याला साखळी अडकवली आणि ट्रॅक्टरवर चढले. हिसका बसला. कुठंतरी 'कट्' झालं आणि मोटार वर आली. सगळे खूश झाले. गुळाचा चहा झाला. ते 'कट्' आरोहीनं ऐकलं होतं, पण दगडबिगड असेल म्हणून ती गप्प बसली.

परतताना संकेश्वर सोडलं आणि बाबा पुटपुटले, "गाडी डावीकडं का ओढतीय गं?" सरळ जायचं तर त्यांना स्टिअरिंग थोडं उजवीकडं धरून ठेवावं लागत होतं. घरी आल्यावर पुढचं डावं दार एकदा आपटून लागेना.

दुसऱ्या दिवशी बाबा आरोहीला घेऊन मष्णू मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. मेस्त्रींनी गाडी वर उचलली, एक लांब पट्टी घेतली आणि खालच्या बाजूनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेतलं. आधी उजव्या पुढच्या कोपऱ्यापासून डाव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट.

"दोन्ही मापं सारखी पायजेत," ते आरोहीला म्हणाले. "इथं बघ, बोटभर फरक. कुणी वडली ही?"

"आमच्या आप्पांनी. ट्रॅक्टरनं."

"मग नांगराला पण जुंपायची की," मेस्त्री म्हणाले, आणि बाबांनाही हसू आलं.

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. ट्रॉलीच्या खाली लोखंडी तुळया असतात, त्या हिसका सोसतात. लहान मोटारीला तसलं काही नसतं. तिची सगळी ताकद पत्र्याच्या पेटीत. तुम्ही मघाशी कलवलेलं काडेपेटीचं कवच, तसंच. म्हणून ओढण्यासाठी तिला एक कडी देतात. मागच्या डिकीत मॅटखाली ठेवलेली असते, ती पुढं लावायची आणि सरळ, हळूहळू ओढायचं.

"आता दुरुस्त होईल ना?" आरोहीनं विचारलं.

"व्हईल की. पेटी घट्ट धरून बसवायची आणि जिकडं वडली त्याच्या उलट दिशेनं, सावकाश ताणायची. पण तोवर चालवायची न्हाय. टायर खाईल, आणि घाटाबिटात धोका."

त्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "काय रं रविराज, गाडी कशी हाय?"

"झकास, आप्पा."

आरोही बघतच राहिली. तिकडून आप्पा सांगत होते, "आयतवारी नातवाचं बारसं. कोल्हापुरातनं, गडहिंग्लजातनं गाड्या येत्यात. वाट अजून वलीच हाय, पण कुणी भ्यायचं काम न्हाय. ट्रॅक्टर दारातच लावून ठिवतो."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेला न्यायचे ते. त्यांना म्हणू, तुम्ही माझी गाडी वाकवली म्हणून?"

"पण मग ते बाकीच्यांच्यापण वाकवतील."

बाबांनी पेपर उघडला. ते वाचत नव्हते हे तिला कळत होतं.

आरोहीला त्या रात्री सारखं तेच दिसत होतं. बारशाचं जेवण झालंय आणि पाहुण्यांच्या सगळ्या गाड्या डावीकडं ओढत हायवेनं घरी चालल्यात. सांगावं तर आप्पांना लागेल. न सांगावं तर हे असं. दोन्हीपैकी सोपं काहीच नव्हतं.

शनिवारी बाबा आणि आरोही बसनं गावी गेले. "गाडी का आणली न्हाय रं?" आप्पांनी विचारलं. "सर्व्हिसिंगला टाकलीय," बाबा म्हणाले आणि आत पाणी प्यायला गेले.

रविवारी सकाळी आप्पा अंगणात मांडवाचे खांब रोवत होते. चार कोपऱ्यांना चार खांब उभे झाले, तशी त्यांनी दोरी घेतली. एका खांबापासून समोरच्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत ताणली, तिथं गाठ मारली, आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरून बघितली.

"हे कशाला, आप्पा?"

"दोन्हीकडनं दोरी सारखी भरली की मांडव गुण्यात आला, म्हंजे कोपरं काटकोनात. न्हायतर वर पत्रं बसत न्हाईत." त्यांनी गाठ बघितली. "ह्यो एक खांब तिरका झालाय बघ."

आरोही त्या खांबापाशी गेली. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"आप्पा, आमची गाडी अशीच झालीय. एक कोपरा पुढं आलाय. मेस्त्रींनी असंच माप घेतलं, तर बोटभर फरक निघाला."

आप्पा दोरी गुंडाळता गुंडाळता थांबले. "कशानं?"

"तुम्ही तिरकी ओढली त्यानं."

आप्पांनी तिच्या हातातला खांब बघितला, मग दारातला ट्रॅक्टर बघितला. आरोहीनं खांब सोडला नाही.

"मग तुझा बा मला झकास झकास काय म्हणतोय?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"मला? मी काय सासरी चाललेली पोरगी हाय व्हय, रडायला?" आप्पा म्हणाले. मग हळू आवाजात, "लई वाकलीय?"

"नाही. नीट होणार आहे. मेस्त्री म्हणाले, उलट्या दिशेनं सावकाश ताणायची."

"मग वडायची तरी कशी ती चिमणी?"

आरोहीनं कडीचं सांगितलं. कुठं असते, कुठं लावायची, सरळ कसं ओढायचं. आप्पांनी दोनदा विचारून घेतलं. मग घराकडं तोंड करून हाक मारली, "ए रविराज. झकास माणसा, ये भायेर."

बाबा बाहेर आले. त्यांनी आरोहीकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"खोटं बोलायला मीच शिकवलं काय रं तुला?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय, आप्पा."

"मग फावडं घे." आप्पा वाटेकडं निघाले. "कडी असू दे न्हायतर नसू दे. आज एक बी गाडी रुतता कामा नये. फुटलेला पाट बांधून पाणी वळवूया आणि चिखलावर पाचट टाकूया. ढिगानं पडलंय रानात."

ऊस तोडल्यावर जो वाळका पाला रानात उरतो, ते पाचट. हाताला कापतं, म्हणून आप्पांनी डोक्याचा टॉवेल काढून आरोहीकडं टाकला.

आरोहीनं तो दोन्ही हातांना गुंडाळला, कवेत मावेल एवढं पाचट उचललं, आणि बाबा फावडं शोधेपर्यंत चिखलात नेऊन टाकून ती दुसरा भारा आणायला पळालीसुद्धा.