अंगठ्याएवढा चमत्कार

जिन्यावर चपलाबुटांचे सत्तावीस जोड होते. घड्याळजी अर्ध्या जिन्यात थबकला. आपण भलत्याच इमारतीत तर शिरलो नाही ना, असे त्याला क्षणभर वाटले. पण कठड्याचा तो उदास हिरवा रंग ओळखीचा होता, आणि वरच्या मजल्यावर दार उघडे होते ते आत्याचेच. परगावच्या मनोऱ्यावरचे घड्याळ तीन आठवडे दुरुस्त करून तो परतत होता. मनोऱ्यावर माणूस फार एकटा पडतो. खाली गाव मुंग्यांचे होते आणि वेळ हातांना पितळेसारखी गार लागते. अशा एकांतातून उतरून आलेल्या माणसाला स्वतःच्याच दारात रांग दिसावी, हे जरा अतीच झाले.

"रांगेत या," बेकरीवाला म्हणाला.

"अहो, मी इथं राहतो."

"इथं सगळेच राहायला आल्यासारखे वागतायत. रांगेत या."

घड्याळजी त्याच्या काखेखालून वाकून आत शिरला. भर दुपारी पडदे ओढलेले. भिंतीवर आत्याचा नवा टीव्ही, जो तिला अक्षरे मोठी दिसावीत म्हणून त्यानेच आणला होता. आणि त्या टीव्हीभर एक लिपी पसरलेली. उलटी अक्षरे, पत्त्यांतले बदाम, फाशांचे ठिपके, अर्धेमुर्धे चौकोन, ओळींमागून ओळी. त्यांतले काही लुकलुकत होते. खोली श्वास रोखून त्या लुकलुकण्याकडे पाहत होती.

टीव्हीसमोरच्या तिवईवर, रेशमी रुमालाच्या घडीवर, त्याचाच कॉम्प्युटर होता.

चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर तो: वेगळी पेटी नाही, पडदा नाही, नुसता जाडजूड कीबोर्ड, आणि सगळे डोके त्याच्याच पोटात. वडिलांकडे अगदी असाच होता. ते गेल्यावर तो कुठे गेला कोण जाणे. महिन्यापूर्वी जुन्या बाजारात तसाच दिसला, आणि घड्याळजीने तो लहान मुलासारखा छातीशी धरून घरी आणला. त्याची जुनी गोल पिन नव्या टीव्हीत बसेना, म्हणून मध्ये काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लावला. चित्र आले, पण आले ते हेच, हा असा कचरा. गाडीची वेळ झाली होती. त्याने सारे वायरींसकट तसेच सोडले आणि तो निघून गेला. बंद पडलेली वस्तू उघडून न पाहता टेबलावर टाकून जाणे त्याच्या धंद्याला शोभणारे नव्हते, हे त्याला तेव्हाही कळत होते.

तिवईमागे आत्याच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी हा गृहस्थ दारोदार पाण्याचे फिल्टर विकत असे आणि लोक त्याला पाहून दार लावून घेत. आता लोक त्याला 'द्रष्टे' म्हणत होते.

"प्रश्न?" द्रष्टे म्हणाले.

"गुडघे," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "जिने चढवत नाहीत हो."

द्रष्ट्यांनी खटका बंद केला, डोळे मिटले, ओठांत काही पुटपुटले. दहा अंक मोजून व्हावेत इतका वेळ. मग खटका चालू. पडदा शहारला आणि अक्षरांनी पुन्हा भरून गेला. खोलीभर एक 'आहा' फिरला.

"तिसरी ओळ पाहा. बदाम. बदामाशेजारी फासा. म्हणजे काय?"

"काय?"

"गुडघ्यात गाळ."

"अगंबाई!"

"आणि गाळ कशानं जातो?"

"फिल्टरनं!" सारी खोली एका सुरात म्हणाली.

मग बेकरीवाल्याने मुलीच्या लग्नाचे विचारले. पडद्यावर दोन चौकोन शेजारीशेजारी निघाले, आणि लग्नासाठी मोठा फिल्टर लागेल असे ठरले. ज्या शिंप्याला मशीनचा दोरा तुटण्याचे कारण हवे होते, त्याला दोन फिल्टर सांगण्यात आले: एक दुकानात, एक घरी.

"द्रष्टेसाहेब," घड्याळजी मागून म्हणाला, "याच प्रश्नाला यंत्र दुसऱ्यांदा तेच उत्तर देईल का?"

द्रष्ट्यांचा पाय तिवईखाली किंचित हलला. पडदा निळा झाला आणि त्यावर दोन शब्द तरंगू लागले: सिग्नल नाही.

"रुसलं!" द्रष्टे हताशपणे म्हणाले. "संशयाचा वारा लागला की रुसतं."

साऱ्या खोलीने वळून घड्याळजीकडे पाहिले. "तू घड्याळं दुरुस्त कर बाबा," शिंपी म्हणाला, "काळाच्या भानगडीत पडू नकोस."

तोवर आत्याने त्याचा आवाज ओळखला होता. पडद्यापासून दोन हातांवर, मानाच्या खुर्चीत ती बसली होती. "आलास का रे?" म्हणत ती उठली, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटून स्वयंपाकघरात गेली, आणि आपटला हे तिच्या गावीही नव्हते.

ओट्यावर डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. तिचे सील शाबूत होते.

"आत्या, हे काय?"

"अरे, ती मागची संपली, आणि ही काही उघडली नाही."

"कधी संपली?"

"तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ओरडू नकोस. ते थेंब झोंबतात रे. हा उजेड नाही झोंबत. द्रष्टे म्हणतात, औषध हे रसायन आहे, त्यानं यंत्राची किरणं बुजतात. रोज तासभर समोर बसायचं आणि फिल्टरच्या पाण्यानं डोळे धुवायचे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर परत येत नाही. थेंब फक्त उरलेली सांभाळतात."

"पण मला फरक पडलाय, राजा!" आत्याचा चेहरा खरोखरच उजळला. "डाव्या बाजूला आधी गढूळ दिसायचं. आता पार निवळलं. तिकडे आता काहीच नाही. स्वच्छ."

*काहीच नाही.* घड्याळजीने बाटली उचलून खिशात टाकली. आई गेल्यावर याच बाईने त्याला घास भरवून वाढवले होते. घड्याळातले काटे वाचायला याच डोळ्यांनी शिकवले होते. त्याने तिचा हात धरला आणि तिला परत खोलीत आणले.

द्रष्ट्यांनी पाय उचलला असावा. लिपी पडद्यावर परतली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळ्यांनी जरा ऐका. एकच मिनिट," तो म्हणाला. "आत्या, बस. उजवा डोळा हातानं झाक. मान हलवू नकोस. पडद्याच्या मधोमध बघ. डावीकडे किती ओळी आहेत?"

"डावीकडे? डावीकडे कुठल्या ओळी?" आत्या हसली. "स्वच्छ आहे की. कोरं. सांगितलं ना तुला."

डावीकडे बदाम होते, फासे होते, तीन चौकोन ठसठशीत लुकलुकत होते, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होते. पोस्टातल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"का रे गप्प झालात सगळे?" आत्याने विचारले. मग हळूच, "आहेत का तिकडे ओळी?"

"आहेत, आत्या."

"किती?"

"उजवीकडे आहेत तितक्याच."

द्रष्टे खाकरले. "हे तर उत्तम लक्षण आहे! यंत्रानं त्यांचं डावीकडचं दुःख पुसून—"

"ए, थांब," बेकरीवाला म्हणाला. तीन आठवड्यांत प्रथमच त्याने द्रष्ट्यांना अरेतुरे केले.

घड्याळजीने आपली हत्यारांची पेटी उघडली, कॉम्प्युटरची वायर काढली आणि तो रुमालावर उताणा केला.

"पोटात हात घालू नका!" द्रष्टे ओरडले. "पाप लागेल. कोप होईल. वॉरंटी जाईल!"

"चाळीस वर्षांची वॉरंटी असते होय?" शिंप्याने विचारले.

घड्याळजीने आत्याकडे पाहिले. ती अजून उजव्या डोळ्यावर हात ठेवूनच बसली होती, आणि डावीकडच्या त्या कोऱ्या जागेत काही दिसते का, ते शोधत होती. हात काढून ती म्हणाली, "घर माझं, टीव्ही माझा. उघड तू."

तीन स्क्रू निघाले. आत हिरवी पाटी होती आणि तिच्यावर काळ्या, पुष्कळ पायांच्या किड्यांसारख्या चिपा बसवलेल्या. त्याने टॉर्च धरला. एक चिप खोबणीतून एका बाजूने केसभर वर आली होती. मनोऱ्याच्या गावी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला हेच सांगितले होते: जुने यंत्र वर्षानुवर्षे तापते नि निवते, आणि चिप हळूहळू खोबणीतून वर सरकते, काहीही करण्याआधी अंगठ्याने दाबून पाहावे. त्याने अंगठा ठेवला आणि दाबले. टक् असा बारीक आवाज झाला. वायर जोडून त्याने खटका चालू केला.

लिपी क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. निळ्या, शांत पडद्यावर एकच शब्द उरला: रेडी. त्याखाली एक छोटा चौकोन उघडझाप करत होता.

"कशाला रेडी?" बेकरीवाल्याने विचारले.

"तुम्ही सांगाल ते करायला. सांगा."

बेकरीवाल्याने बराच विचार केला. "दोन अधिक दोन?"

घड्याळजीने बोटांनी ते टाकले. पडद्यावर चार आले.

"चारच?" बेकरीवाला खट्टू झाला.

"रेडी!" द्रष्टे ताडकन उठले. "पाहिलंत? यंत्र सिद्ध झालं! आता ते—" आणि मागच्या रांगेतले दोघे खरोखरच हात जोडू लागले. माणसाचे मन मोठे चमत्कारिक. एक देव्हारा मोडला, की पडलेल्या विटांतून ते दुसरा रचायला घेते.

म्हणून घड्याळजीने वीज बंद केली आणि कॉम्प्युटर पोस्टातल्या बाईंपुढे सरकवला. "बाई, या चिमट्यानं ही चिप केसभर उचला. आता खटका चालू करा."

बाईंनी केला. पडदाभर बदाम, फासे, चौकोन उसळले. बाई किंचाळल्या, मग लाजल्या, मग हसू लागल्या.

"यंत्राला जाग येते तेव्हा पहिलं काम काय करायचं, ते या चिपेत लिहिलेलं आहे," तो म्हणाला. "पहिलं काम पडद्याची पाटी पुसण्याचं. चिप सुटली की पाटी पुसणारं कोणी राहत नाही, आणि वीज येताना आत जे सांडतं ते तसंच दिसतं. बंद करून लगेच चालू केलं तर जुनाच कचरा उरतो. दहा मोजले तर तो ओसरतो आणि नवा येतो. द्रष्टे पुटपुटतात ते दहापर्यंतचे आकडे. आणि रुसणं म्हणजे तिवईखालच्या वायरीवरचा पाय."

मग एकच झुंबड उडाली. शिंप्याने चिप उचलली, बेकरीवाल्याने दाबली. प्रत्येकाने आपल्या हाताने चमत्कार करून पाहिला आणि आपल्याच अंगठ्याने मोडून पाहिला. कोणी मोठ्याने दहा मोजी, कोणी पाय देऊन यंत्राला रुसवी आणि पाय काढून मनवी. या गोंधळात द्रष्टे जिना उतरून गेले. जाताना घाईत ते दोन वेगवेगळे बूट घालून गेले, हे शिंप्याला मागाहून, अनवाणी उभे राहून, कळले.

"म्हणजे माझ्या गुडघ्यात गाळ नाही?" पोस्टातल्या बाईंनी विचारले.

"गुडघ्यात काय आहे ते गुडघ्याच्या डॉक्टरला विचारा, बाई. मला ठाऊक नाही, आणि या यंत्रालाही नाही. ज्याला ठाऊक नसतं त्यानं तसं सांगावं. सांगत नसेल तर त्याचं झाकण उघडून पाहावं. उघडू देत नसेल, तर आपलं औषध त्याच्या शब्दावर कधीच सोडू नये."

खोली रिकामी झाली. त्याने पडदे सारले. दवाखान्यात फोन केला; डॉक्टरीणबाईंनी आत्ताच थेंब घालून तासाभरात घेऊन यायला सांगितले. त्याने बाटलीचे सील तोडले. आत्याने खुर्चीच्या पाठीवर मान टेकली. थेंब पडला तशी तिने ओठ आवळले, झोंबत होते.

"गेलेलं परत नाही ना यायचं?" मिटल्या डोळ्यांनी तिने विचारले.

"नाही, आत्या."

डोळ्यातून ओघळलेले औषध तिने पदराने टिपले.

"बरं," ती म्हणाली. "मग यापुढे बोलताना माझ्या उजवीकडे उभा राहत जा. तिकडून दिसतोस तू."