चंद्रीचा पान्हा

एस्तेर साळवेला देवानं मोठं दुःख असं काही दिलं नव्हतं, आणि तिची अडचण नेमकी तीच होती. आजारपण नाही, घरात भांडण नाही. तक्रार करायची तर कशाची? नगर सोडून ती कासार आंबोलीजवळच्या शाळेत गणित शिकवायला आली, साळूबाईंच्या माडीवर भाड्यानं राहू लागली, आणि तिची प्रार्थना हळूहळू कोरडी पडत गेली. डोळे मिटून बोलायला लागलं की वाटायचं, पलीकडे कुणी नाहीच.

तिनं नगरच्या पाळकसाहेबांना फोन केला.

"धीर धर, बेटा," ते म्हणाले. "कधी कधी प्रभू शांत असतो."

"शांत बसणं वेगळं, साहेब, आणि न सांगता निघून जाणं वेगळं."

शेवटी एका सोमवारी तिनं पहाटेची प्रार्थना बंद केली आणि तिच्या आधी म्हणायची गीतंही. तो बोलत नाही ना, मग मीही नाही.

गुरुवारी साळूबाई जिना चढून वर आल्या. गुडघे दुखत असल्यानं फार बिनसल्याशिवाय त्या माडीवर येत नसत.

"काय गं, तुजं गानं का बंद हाय?"

आपली कुणी चौकशी करतंय म्हटल्यावर एस्तेरचे डोळेच भरून आले. "मावशी, हल्ली देव जवळ आहे असं वाटतच नाही. कुणासाठी गाऊ?"

"चंद्रीसाठी गा की!"

चंद्री म्हणजे खाली गोठ्यातली म्हैस.

"म्हस पान्हवंना झालीया. तू वर गायाचीस, मी खाली धार काडायची. लागली ना तिला सवय! रेडकू सोडलं, पेंड घातली, पाया पडायची तेवडी ऱ्हायली. मी गाऊन बगितलं तर लाथ मारली तिनं. तुजं देवाशी भांडान आसंल तर ते तुमचं तुमी बगा. म्हशीनं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना एस्तेर अंगावर शाल ओढून गोठ्यात उभी राहिली. तिनं नेहमीचं गीत म्हटलं. चंद्रीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. बादली कोरडीच.

"जीव न्हाई त्यात," साळूबाई म्हणाल्या. "पाडं म्हंतीयास जनू."

हे एस्तेरला झोंबलं. तिला साळूबाईंचा राग आला, म्हशीचा आला, आणि सगळ्यात जास्त ज्याचा आला त्यालाच ती त्याच चालीत सुनावू लागली. "कुठे बसलास लपून, देवा? हाका मारून दमले, ऐकतोस की नाही? म्हशीपुढे गायला लावलंस, झालं का समाधान?" आवाज चिरकला, पण चाल तिनं सोडली नाही.

चंद्रीनं मोठा सुस्कारा टाकला. पहिली धार बादलीत वाजली.

"थांबू नगं!" साळूबाई कुजबुजल्या.

एस्तेर थांबली नाही. साठलेलं सगळं कडव्यामागून कडवं बाहेर पडलं. बादलीत फेस चढू लागला आणि गाता गाता तिला हसू फुटलं. आधाराला हात टेकला तो गव्हाणीत. कडब्याची ऊब बोटांना लागली आणि तिचं गाणं मध्येच थांबलं. नाताळात लहानपणापासून ती हेच तर गात आली होती: बाळ प्रभू गव्हाणीत निजला होता. इतकी वर्षं गव्हाणीला तिनं कधी हात मात्र लावला नव्हता. स्वर्गातून उजेड पडला नाही, वाणी झाली नाही. पण आपलं सगळं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आहे, हे तिला पक्कं जाणवलं.

"रडतीयास का हसतीयास?"

"मावशी, तो इथेच आहे."

साळूबाईंनी मागं वळून पाहिलं. "कोन?"

"देव."

"व्हय? मंग त्याला म्हनावं सांजच्या धारंला बी ये."

त्या दिवशी एस्तेर शाळेत उशिरा पोचली. केसांत कडबा अडकला होता. पुढंही काही सकाळी कोरड्या गेल्या. तशा सकाळी ती देवाला चालीत रागवायची, आणि माडीवर नव्हे, खाली गोठ्यात जाऊन.