ईशान्येचा आरंभबिंदू

योगिनीने कचऱ्याची बादली पायाने बाजूला सारली, झाडू उचलून खिडकीपाशी टेकवला आणि फळ्याच्या डाव्या हाताला, जिथे दोन भिंती फरशीला मिळत होत्या, तिथे उकिडवं बसून खडूने ठसठशीत शून्य काढलं.

“हा आपला आरंभबिंदू,” ती उठत म्हणाली. “ही वर्गखोली म्हणजे एक मोठी इष्टिकाचिती. विटेच्या आकाराची. हिला आठ कोपरे आहेत आणि प्रत्येक कोपऱ्याचा पत्ता आपल्याला तीन आकड्यांत सांगायचा आहे.”

पूर्वेकडे, म्हणजे मुलांच्या पाठीमागे, आठ मीटर. फळ्याच्या भिंतीने उत्तरेकडे सहा. वर छतापर्यंत चार. तिने फळ्यावर तीन बाण काढले आणि एकेक कोपरा लिहीत गेली. तिरक्या समोरचा, मुलांच्या मागचा छताचा कोपरा आठ, सहा, चार असा आला तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मंतशाने मान मागे टाकून खरंच तो कोपरा पाहून घेतला. असं मान वळवणारं कोणी भेटलं की योगिनीला बरं वाटे.

“मॅडम, एक मिन्ट.”

आवाज मागून आला. ईशान्य कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि माठाशेजारी खुर्ची टाकून संस्थेचे अध्यक्ष जगदेवभाऊ बसले होते. मालेगावात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि कॉलेजात त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांच्या बाजूला प्राचार्य भाऊसिंग राठोड, मांडीवर हात जोडून.

“तुमी त्या कोपऱ्यातून काहून मोजून राह्यल्या?”

“कुठूनही मोजता येतं, सर. फळ्याजवळ आहे म्हणून हा घेतला.”

“तो नैऋत्य कोपरा हाय. झाडू ठेवतो आमी तिथं.”

“झाडू बाजूला केलाय, सर.”

पोरं हसली. राठोड सरांनी डोळ्यांनीच तिला आवरलं.

“झाडूचं नाही म्हणत मी,” जगदेवभाऊ म्हणाले. “घर बांधाले घेतलं त पह्यला दगड कुठं पडते? ईशान्येले. पानी कुठं ठेवतेत? ईशान्येले. ह्या बिल्डिंगचं गेट आमी दक्षिणेकडून हालवलं तवा कुठं गणिताचा निकाल वर आला. बरोबर ना, राठोड सर?”

“बरोबर, साहेब.”

त्या वर्षी पेपर सोपा निघाला होता हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. व्हरांड्यात नोकरीच्या याच नमुना तासासाठी आणखी दोन उमेदवार आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. तिला पुण्याहून दोनदा बोलावणं आलं होतं, दोनदा ती नाही म्हणाली होती. गेल्या दिवाळीपासून आई हिरीबाईची डावी बाजू गेली होती. दिवसा शेजारच्या तुळसाबाई तिच्याजवळ बसायला तयार होत्या, पण रात्री नाही. सकाळी किन्हीराजाहून निघून संध्याकाळच्या बसने घरी परतता येईल, अशी गणिताची जागा ही एकच होती.

“ठीक आहे, सर. ईशान्येपासून घेऊ.”

बाकांमधून वाट काढत ती मागे गेली. जगदेवभाऊंना खुर्ची सरकवावी लागली. माठाखालच्या ओलीवर खडू उमटेना. शून्याचा नुसता पांढरा चिखल झाला. सगळ्या वर्गाच्या माना वळल्या होत्या.

फळ्याशी परत येऊन तिने आठही कोपरे नव्याने लिहिले. वजा आठ, शून्य, शून्य. शून्य, वजा सहा, शून्य. वजा आठ, वजा सहा, चार. शेवटच्या ओळीला खडू मोडला.

“ह्या आडव्या रेघा कायच्या?”

“वजा, सर. पूर्वेकडे जाणं आपण अधिक धरलं होतं. आता आपण पश्चिमेकडे येतोय.”

“म्हंजे ईशान्येपासून मोजलं त समदं वजा?”

“सगळं नाही. उंची अधिकच आहे.”

“ईशान्येपासून सुरू करून घाटा? हे नाही जमत बाप्पा. काढून टाका त्या रेघा.”

“काढल्या तर उत्तर चुकेल, सर.”

“मॅडम, पाहा ना काही होते का,” राठोड सर कळवळून म्हणाले. “कायले अडून राह्यल्या?”

मंतशाने हात वर केला. “मॅडम, वहीत वजा ठेवू का खोडू? एकडाव सांगा फक्त.”

पुन्हा हशा. योगिनीने डस्टर टेबलावर आपटला आणि खडूचा ढग उठला. वास्तूच्या कोपऱ्याचा गणिताच्या कोपऱ्याशी संबंध काय, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तो गिळून तिने वर्गाकडे पाठ केली. फळ्यावरचे बाण पाहता पाहता तिचा उजवा हात आपोआप वर आला. तर्जनी समोर, पश्चिमेला. मधलं बोट डावीकडे, दक्षिणेला. अंगठा छताकडे. बसत होतं. उजव्या हाताच्या नियमात अगदी बसत होतं. पूर्वेकडे अधिक, असं कोणत्या पुस्तकाने सांगितलं होतं? मगाशी तिनेच ठरवलं होतं, कुणाला न विचारता. आता जगदेवभाऊंच्या जोडीला स्वतःचाही राग आला.

तिने दोन आडव्या अक्षांची टोकं पुसली, बाण उलट्या दिशेला काढले आणि मग एकेक करून सगळ्या वजा पुसल्या.

“आता पश्चिमेकडे अधिक आणि दक्षिणेकडे अधिक,” ती कोरडेपणाने म्हणाली. “सगळे कोपरे अधिक.”

जगदेवभाऊंनी मांडीवर थाप मारली.

“आता कसं! ईशान्य म्हंजे ईशान्य. राठोड सर, समजून घेनारं मानूस असंच पायजे. सोमवारपासून येऊ द्या मॅडमले. बाहेरच्या दोघांले सांगून द्या, झालं म्हना.”

ते उठले, दाराशी गेले आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलेत त्यांनी एक पाय घातला. योगिनीने श्वास सोडला. शुक्रवार होता. मध्ये दोनच दिवस.

“मॅडम,” मंतशा म्हणाली, “मंग त्या वजावाल्या चुकीच्या होत्या का?”

जगदेवभाऊ वळून उभे राहिले.

“हो हो, चुकीच्या,” राठोड सर घाईने म्हणाले. “खोडून टाक, बेटा.”

मंतशाने मान खाली घातली आणि रबर चालवायला सुरुवात केली. कागदावर रबर घासल्याचा आवाज फळ्यापर्यंत येत होता. एक ओळ गेली. दुसरी गेली. योगिनी टेबलाची कड धरून उभी होती.

“थांब, खोडू नको.”

रबर थांबलं.

“चुकीच्या नव्हत्या. बाण मी फिरवले म्हणून चिन्हं बदलली. खोली तीच आहे, कोपरे तेच आहेत. तू वजा लिहिल्या तेही बरोबर. आणि सगळ्यांत आधी त्या झाडूच्या कोपऱ्यातून लिहिलं होतं, तेही बरोबर.”

जगदेवभाऊंनी फळ्याकडे पाहिलं, मग माठाकडे.

“म्हंजे कुठूनबी मोजलं तरी चालते?”

“कुठूनबी,” योगिनी म्हणाली. सकाळपासून जपलेली शुद्ध भाषा तिच्या तोंडून निसटली होती. “कुठून मोजून राह्यलो ते फक्त आदी सांगा लागते.”

त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि ते निघून गेले. व्हरांड्यातून शिपायाला सांगणारा त्यांचा आवाज ऐकू आला.

“त्या दोघांले बसव रे जराक. जाऊ नको देऊ.”

राठोड सरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. योगिनीकडे पाहणं त्यांनी टाळलं.

“तुमचे पाच मिनिटं बाकी हायेत, मॅडम.”

योगिनीने सगळा फळा पुसला. मग मुलांकडे वळली.

“आता तुम्ही सांगा. कुठून मोजू?”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. शेवटी मंतशाने बोट खाली केलं, स्वतःच्या पायाशी.

“माह्या बाकापासून.”

“खोलीच्या मधातून?” मागून एक जण म्हणाला. “मंग अर्धे वजा येतीन अन् अर्धे अधिक!”

“येऊ दे,” योगिनी म्हणाली.